चिपको आंदोलन

चिपको आंदोलन : हिमालयातील वनांच्या व्यापारी तोडीविरुद्ध गढवाल व कुमाऊँ या भागांतील ग्रामस्थांनी १९७३ पासून चालविलेली अहिंसक लोकचळवळ. ‘चिपको’ या हिंदी शब्दाचा अर्थ ‘चिकटा’ किंवा ‘बिलगा’ असा होतो. कुऱ्हाड आणि झाड यांच्या मध्ये उभे राहून झाडास मिठी मारावयाची, या कल्पनेवरून चळवळीस हे नाव मिळाले. गढवाली बोलीत मिठीला ‘अंग्वाल’ म्हणतात. आंदोलनाच्या काळात हा प्रदेश उत्तर प्रदेश राज्यात मोडत होता; ९ नोव्हेंबर २००० रोजी त्याचे स्वतंत्र राज्य झाले व पुढे त्यास उत्तराखंड हे नाव देण्यात आले.

झाडे वाचविण्याचे आंदोलन म्हणून चिपको जगभर प्रसिद्ध आहे. तथापि त्याच्या मुळाशी एक अधिक जुना प्रश्न होता. गावालगतचे जंगल कोणाचे आणि त्याचा वापर कसा व्हावा हे कोणी ठरवावयाचे, हा तो प्रश्न होय. आंदोलनाची झाडांविषयीची मागणी शासनाने बऱ्याच अंशी मान्य केली. हक्काविषयीची मागणी मात्र मागे पडली. या दोन मागण्यांतील अंतर ध्यानात घेतल्याखेरीज आंदोलनाचा इतिहास नीट उलगडत नाही.

पार्श्वभूमी : मध्य हिमालयातील शेती डोंगरउतारावर पायऱ्या कोरून केली जाते. अशी जमीन थोडी असते आणि तिचा कस जंगलावर अवलंबून असतो. गुरांचा चारा, गोठ्यात अंथरावयाचा पाला, त्यापासून होणारे खत, सरपण, नांगर व जू यांसाठी लागणारे लाकूड आणि झऱ्यांचे पाणी ही सर्व जंगलातून मिळतात. बांज (हिमालयी ओक), बुरांस, देवदार, चीड व अंगू हे येथील प्रमुख वृक्ष होत. त्यांपैकी बांज चारा, पाला व पाणी टिकविणारी जमीन यांसाठी गावकऱ्यांना विशेष मोलाचा वाटतो. याउलट चीड वृक्षाला त्याच्या लाकडामुळे व राळेमुळे व्यापारी महत्त्व आले.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून इमारती लाकडासाठी व लोहमार्गाच्या स्लीपरांसाठी देवदाराची मोठ्या प्रमाणावर तोड सुरू झाली. १८७८ च्या वन कायद्याने राखीव वनांची व्यवस्था दृढ केली आणि ग्रामस्थांचे वहिवाटीचे हक्क सरकारने दिलेल्या सवलती ठरले. कुमाऊँमध्ये १९११–१७ या काळात विस्तृत क्षेत्र राखीव करण्यात आले. १९२१ मध्ये तेथे असंतोषाचा उद्रेक झाला. जानेवारीत बागेश्वर येथे लोकांनी बेगारीच्या नोंदवह्या शरयू नदीत बुडविल्या आणि उन्हाळ्यात चिडाची राखीव वने ठिकठिकाणी पेटविण्यात आली. त्यानंतर नेमलेल्या समितीच्या शिफारशींनुसार काही क्षेत्र मोकळे करण्यात आले व १९३१ मध्ये वनपंचायतींचे नियम झाले. टिहरी संस्थानात ३० मे १९३० रोजी यमुनाकाठी तिलाडी येथे वननियमांविरुद्ध जमलेल्या लोकांवर संस्थानच्या सैनिकांनी गोळीबार केला. त्यात अनेकजण मृत्युमुखी पडले. या घटनेची स्मृती गढवालात दीर्घकाळ टिकून राहिली.

स्वातंत्र्यानंतर वनव्यवस्थेची चौकट फारशी बदलली नाही. वनांचे लिलाव होत व ते मैदानी प्रदेशातील ठेकेदार घेत. तोडीसाठी मजूरही बहुधा बाहेरून आणले जात. १९६२ च्या चीन युद्धानंतर सीमावर्ती भागांत रस्ते झाले आणि पूर्वी दुर्गम असलेली जंगले ठेकेदारांच्या आवाक्यात आली. डोंगरातील अनेक पुरुष रोजगारासाठी मैदानात किंवा सैन्यात जात असल्याने शेती, गुरे, सरपण व पाणी यांचा भार मुख्यत्वे स्त्रियांवर होता. जंगल मागे हटले की त्यांची रोजची पायपीट वाढे.

संघटनेची उभारणी : चिपको ही अकस्मात उसळलेली चळवळ नव्हे. तिच्यामागे दोन दशकांचे संघटनकार्य होते. गांधीजींच्या शिष्या सरलाबेन यांनी १९४६ मध्ये कौसानी येथे लक्ष्मी आश्रम स्थापून पहाडी मुलींच्या शिक्षणास आरंभ केला. त्यांच्या प्रभावातून तयार झालेल्या सर्वोदय कार्यकर्त्यांत टिहरीचे सुंदरलाल बहुगुणा (१९२७–२०२१) व त्यांच्या पत्नी विमला यांचा समावेश होतो. १९६० नंतरच्या दशकात या कार्यकर्त्यांनी दारूबंदीची चळवळ चालविली. तिच्या निमित्ताने गावोगावच्या स्त्रिया प्रथमच मोठ्या संख्येने सभांना व धरण्यांना येऊ लागल्या.

चमोली जिल्ह्यातील गोपेश्वर येथे चंडीप्रसाद भट्ट (जन्म १९३४) व त्यांचे सहकारी यांनी १९६४ मध्ये दशोली ग्राम स्वराज्य संघ ही संस्था स्थापन केली. स्थानिक वनोत्पादनावर आधारित लहान उद्योग काढून तरुणांना गावातच काम द्यावे, हा तिचा हेतू होता. शेती अवजारे तयार करणे, राळेपासून टर्पेंटाइन काढणे यांसारखी कामे संस्थेने हाती घेतली. परंतु कच्चा माल मैदानातील मोठ्या कारखान्यांना स्वस्त व स्थानिक उद्योगांना महाग मिळे, अशी तिची तक्रार होती. म्हणजे प्रारंभी कार्यकर्त्यांचा विरोध वृक्षतोडीस नव्हता, तर तोडीचा लाभ कोणाला मिळतो याबद्दल होता.

जुलै १९७० मध्ये अलकनंदेला आलेल्या महापुराने या विचाराला नवे वळण दिले. पूल, रस्ते, घरे व शेते वाहून गेली. गाळ थेट हरिद्वारजवळच्या गंगेच्या कालव्यापर्यंत पोहोचला. मदतकार्यासाठी फिरत असता कार्यकर्त्यांना वृक्षहीन झालेले उतार व कोसळलेल्या दरडी यांचा संबंध जाणवला. पुढील काळातील वैज्ञानिक संशोधनानुसार हिमालयातील मोठ्या पुरांस अतिवृष्टी आणि भूस्तरांची अस्थिरता ही कारणे प्रामुख्याने जबाबदार असतात व वनतोडीचा परिणाम स्थानिक पातळीवर अधिक होतो. तथापि आपल्या उतारावर काय घडते, याविषयीचे गावकऱ्यांचे निरीक्षण त्यामुळे चुकीचे ठरत नाही.

मंडल व फाटा-रामपूर (१९७३) : अंगूचे लाकूड हलके व चिवट असल्याने जू व अवजारे करण्यासाठी ते परंपरेने वापरले जाई. दशोली ग्राम स्वराज्य संघाने अवजारांसाठी मागितलेली अंगूची झाडे वन विभागाने नाकारली. मात्र अलाहाबादच्या एका क्रीडासाहित्य बनविणाऱ्या कंपनीस मंडल गावाजवळच्या जंगलातील अंगूची झाडे देण्यात आली. नांगराला लाकूड नाही, पण खेळाच्या साहित्याला आहे, हा विरोधाभास साध्या शेतकऱ्यालाही समजण्याजोगा होता. काय करावे याचा विचार सुरू असता झाडांना मिठी मारण्याची कल्पना भट्ट यांनी मांडली. २४ एप्रिल १९७३ रोजी मंडल येथे ग्रामस्थ ढोल वाजवीत जंगलाकडे निघाले. ते पाहून कंपनीची माणसे झाडे न तोडताच परतली. प्रत्यक्ष मिठी मारण्याची वेळच आली नाही. पुढेही बहुतेक ठिकाणी लोकांचा निर्धार पुरेसा ठरला. त्याच कंपनीस नंतर केदार खोऱ्यातील फाटा-रामपूरच्या जंगलातील झाडे देण्यात आली. तेथेही १९७३ च्या जूनपासून वर्षाअखेरपर्यंत लोकांनी पहारा ठेवून तोड होऊ दिली नाही.

रैणी (१९७४) : जोशीमठाच्या पलीकडे, ऋषिगंगा व धौलीगंगा यांच्या संगमाजवळ रैणी हे भोटिया जमातीचे लहान गाव आहे. तेथील जंगलातील सु. अडीच हजार झाडांचा लिलाव झाला होता. २६ मार्च १९७४ रोजी गावातील पुरुष चमोली येथे गेले होते; लष्करासाठी घेतलेल्या जमिनींची नुकसानभरपाई त्या दिवशी मिळेल, असे त्यांना कळविण्यात आले होते. भट्ट यांनाही वन अधिकाऱ्यांच्या भेटीसाठी गोपेश्वर येथे थांबावे लागले. हीच संधी साधून ठेकेदाराचे मजूर जंगलाकडे निघाले. एका मुलीने त्यांना पाहिले व महिला मंगल दलाच्या अध्यक्षा गौरादेवी (१९२५–९१) यांना कळविले.

पन्नाशीच्या आसपास असलेल्या, तरुणपणीच विधवा झालेल्या आणि शाळेत न गेलेल्या गौरादेवींनी घराघरांतून बायका व मुली गोळा केल्या. त्या एकूण सत्तावीस जणी होत्या. जंगल आमचे माहेर आहे, ते तोडले तर दरड कोसळून आमची शेते व घरे जातील. पुरुष परत येईपर्यंत थांबा, असे त्यांनी मजुरांना समजाविले. धमक्या देऊन व बंदूक दाखवूनही त्या हटल्या नाहीत. अखेर मजूर मागे फिरले आणि स्त्रियांनी रात्रभर वाटेवर पहारा दिला. या प्रसंगाने आंदोलनाचे स्वरूप पालटले. आतापर्यंत स्त्रिया सहभागी होत्या. रैणीत निर्णय त्यांनी घेतला.

उत्तर प्रदेशचे तत्कालीन मुख्यमंत्री हेमवतीनंदन बहुगुणा यांनी दिल्लीचे वनस्पतिशास्त्रज्ञ वीरेंद्रकुमार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने ग्रामस्थांचे म्हणणे ग्राह्य मानले. त्यानंतर रैणीसह अलकनंदेच्या वरच्या पाणलोटातील सु. १,२०० चौ. किमी. क्षेत्रात दहा वर्षांसाठी व्यापारी तोड थांबविण्यात आली. खाजगी ठेकेदारांऐवजी वनतोडीचे काम हळूहळू राज्याच्या वन महामंडळाकडे गेले.

प्रसार : १९७७ पासून टिहरी गढवालातील हेंवल खोऱ्यात धूमसिंह नेगी व त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी आंदोलन उभारले. अद्वाणीच्या जंगलात स्त्रियांनी झाडांना राख्या बांधल्या. तेथील एक अग्रणी बचनीदेवी यांचे पती स्वतः गावचे प्रधान व स्थानिक ठेकेदार होते, ही गोष्ट लक्षणीय होय. राळेसाठी चिडाच्या खोडांना पाडलेल्या खोल खाचा मातीने लिंपून त्यावर पट्ट्या बांधण्याचा उपक्रमही या भागात झाला. लोककवी घनश्याम रतूडी ‘सैलानी’ यांच्या गीतांनी चळवळीचा संदेश दूरवरच्या खेड्यांत पोहोचविला. कुमाऊँमध्ये विद्यार्थी व तरुण पुढे आले. नोव्हेंबर १९७७ मध्ये नैनीताल येथे वनांच्या लिलावाविरुद्ध तीव्र निदर्शने झाली. पुढे उत्तराखंड संघर्ष वाहिनीने वन, दारू, खाणी व रोजगार हे प्रश्न एकत्र मांडले.

डुंगरी-पैंतोली (चमोली जिल्हा) येथील १९८० चा प्रसंग वेगळ्या प्रकारचा आहे. तेथील बांजाचे जंगल तोडून बटाट्याच्या बियाण्याचे शेत करण्याची शासकीय योजना होती व त्याबदल्यात गावास रस्ता व इतर सोयी मिळणार होत्या. गावातील पुरुषांनी योजनेस संमती दिली. स्त्रियांनी विरोध केला. चारा व सरपण जवळ असणे हे त्यांना रस्त्याहून निकडीचे वाटले. जंगल वाचले. ‘गाव’ हे एकसंध नसते आणि गावाच्या नावाने बोलण्याचा हक्क कोणाला, हा प्रश्नही वनहक्काचाच भाग आहे, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

विचारप्रवाह : आंदोलनात साधारणपणे तीन प्रवाह दिसून येतात. भट्ट व दशोली ग्राम स्वराज्य संघ यांनी स्थानिकांच्या नियंत्रणाखाली वनांचा मर्यादित वापर आणि उजाड उतारांवर पुनर्लागवड यांवर भर दिला. त्यांच्या शिबिरांतून ग्रामस्थांनी, मुख्यतः स्त्रियांनी, लावलेल्या रोपांचे जगण्याचे प्रमाण वन विभागाच्या लागवडीपेक्षा चांगले होते. सुंदरलाल बहुगुणा यांनी हिमालयात हिरव्या झाडांची व्यापारी तोड पूर्णपणे थांबवावी, अशी भूमिका घेतली. माती, पाणी व शुद्ध हवा हीच वनांची खरी देणगी होय, असे ते मांडीत. जानेवारी १९७९ मध्ये त्यांनी या मागणीसाठी उपोषण केले व १९८१–८३ या काळात काश्मीर ते कोहिमा अशी सु. ४,८७० किमी. ची पदयात्रा केली. तिसरा प्रवाह कुमाऊँतील डाव्या विचारांच्या तरुणांचा होता. त्याला वनप्रश्न हा पहाडाच्या आर्थिक शोषणाचा एक भाग वाटे. चंडीप्रसाद भट्ट यांना १९८२ मध्ये रामोन मागसायसाय पुरस्कार व चिपको आंदोलनास १९८७ मध्ये ‘राइट लाइव्हलीहुड’ पुरस्कार मिळाला.

तोडबंदी व तिचे परिणाम : इंदिरा गांधी यांच्या पंतप्रधानपदाच्या काळात, १९८०–८१ च्या सुमारास, उत्तर प्रदेशाच्या हिमालयीन भागात १,००० मी. पेक्षा अधिक उंचीवर हिरव्या झाडांची व्यापारी तोड पंधरा वर्षांसाठी बंद करण्यात आली. वनजमीन इतर कामांसाठी वापरण्यास केंद्र शासनाची पूर्वसंमती आवश्यक करणारा वन (संवर्धन) कायदाही १९८० मध्येच झाला. ठेकेदारांच्या कुऱ्हाडी थांबल्या, हे आंदोलनाचे निर्विवाद यश होय.

परंतु बंदी घालताना जंगलाची मालकी व व्यवस्था गावांकडे आली नाही. ती पूर्ववत वन विभागाकडेच राहिली. स्थानिक वनाधारित उद्योगांची कल्पना मागे पडली. नव्या कायद्यामुळे लहान रस्ते, शाळा व पाण्याच्या नळयोजनाही संमतीसाठी खोळंबू लागल्या. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस काही ठिकाणी लोकांनी निषेध म्हणून, रखडलेल्या कामांच्या मार्गातील झाडे तोडली. ज्या पहाडाने झाडांना मिठी मारली त्याच पहाडात हे घडावे, यावरून हक्काविना आलेल्या संरक्षणाबद्दल लोकांना काय वाटत होते, याची कल्पना येते.

रैणीच्या वाट्याला आलेला अनुभव याहून कटू आहे. १९८२ मध्ये नंदादेवी परिसर राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला आणि लवकरच तो गिर्यारोहण, चराई व वनस्पती गोळा करणे यांसाठी बंद करण्यात आला. रैणी, लाता, तोलमा इ. गावांतील भोटियांचे मेंढपाळी व भारवाहू कामावरील उत्पन्न त्यामुळे बुडाले. आपल्या वनाचे रक्षण केलेल्या लोकांनाच त्या वनाबाहेर ठेवण्यात आले. १९९८ मध्ये लाता व आसपासच्या गावांतील लोकांनी बंदी मोडून उद्यानात प्रवेश केला व आपल्या पारंपरिक हक्कांची मागणी केली.

इतरत्र प्रभाव : झाडांसाठी जीव पणाला लावण्याची परंपरा भारतात जुनी आहे, जोधपूरजवळील खेजडली येथे १७३० मध्ये बिश्नोई स्त्री-पुरुषांनी खेजडीच्या झाडांसाठी प्राणार्पण केल्याची कथा चिपकोचे कार्यकर्ते आवर्जून सांगत. चिपकोपासून प्रेरणा घेऊन सप्टेंबर १९८३ मध्ये कर्नाटकातील शिर्सी परिसरात पांडुरंग हेगडे व ग्रामस्थांनी ‘अप्पिको’ आंदोलन सुरू केले. कन्नडमध्ये ‘अप्पिको’चा अर्थही मिठी मारणे असाच आहे.

चिपकोने अनुत्तरित ठेवलेल्या हक्काच्या प्रश्नास कायदेशीर उत्तर देण्याचा प्रयत्न २००६ च्या वनहक्क कायद्याने केला. या कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत महाराष्ट्राच्या गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावाची गणना होते. २००९ मध्ये त्यास सु. १,८०० हेक्टर वनावर हक्क मिळाला आणि २०११ पासून तेथील ग्रामसभा स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बांबू विकू लागली. सर्वसंमतीने निर्णय घेण्याची पद्धत या गावाने त्याआधीच, दीर्घ प्रयत्नांनी, रुजविली होती. संरक्षण आणि उपजीविका यांची सांगड ग्रामसभेच्या हाती राहू शकते, हे या उदाहरणावरून दिसते.

हवामानबदल व रैणी : ७ फेब्रुवारी २०२१ रोजी ऋषिगंगेच्या पाणलोटातील रोंटी शिखराच्या उतारावरून खडक व बर्फ यांचा प्रचंड कडा कोसळला. त्यातून उद्भवलेल्या लोंढ्याने रैणीजवळचा १३·२ मेगावॉटचा ऋषिगंगा जलविद्युत् प्रकल्प वाहून गेला व खालच्या तपोवन-विष्णुगड प्रकल्पाची मोठी हानी झाली. दोनशेहून अधिक माणसे मृत अथवा बेपत्ता झाली. त्यांत प्रकल्पांवरील कामगारांची संख्या मोठी होती. एखादी दरड केवळ तापमानवाढीमुळे कोसळली असे सिद्ध करणे अवघड असते. तथापि वाढत्या तापमानाने उंचावरील गोठलेले उतार अस्थिर होत आहेत आणि अशा अरुंद दऱ्यांत प्रकल्प उभारल्याने जीवितहानीचा धोका वाढतो, याकडे तज्ञांनी लक्ष वेधले आहे. ऋषिगंगा प्रकल्पाबद्दल रैणीच्या ग्रामस्थांनी २०१९ मध्येच न्यायालयात तक्रार केली होती. दुर्घटनेनंतर प्रकल्पांच्या परवानग्या रद्द करून गावाचे पुनर्वसन करावे, यासाठी या भागातील रहिवाशांनी केलेली याचिका उत्तराखंड उच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये फेटाळली व अर्जदारांना दंड ठोठावला. त्याच पावसाळ्यात रैणीची जमीन खचू लागली आणि गावात बसविलेला गौरादेवींचा पुतळा हलवावा लागला. कोळसा व तेल जाळून झालेल्या तापमानवाढीस या गावाचा हातभार नगण्य आहे. तिचे परिणाम मात्र त्याच्या उंबऱ्याशी आले आहेत. हवामानविषयक न्यायाची कल्पना याच विषमतेतून उद्भवते.

मूल्यमापन : चिपकोचे अर्थ अनेकांनी अनेक प्रकारे लावले. वंदना शिवा यांनी त्यात स्त्री व निसर्ग यांचे आंतरिक नाते पाहिले. हे नाते निसर्गदत्त नसून श्रमविभागणीतून व साधनांवरील अवलंबनातून घडते, असे बीना अगरवाल यांनी प्रतिपादिले. रामचंद्र गुहा यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चिपकोला गढवाल-कुमाऊँच्या शेतकरी प्रतिकाराच्या दीर्घ परंपरेत स्थान दिले. यांपैकी कोणतेही मत घेतले, तरी एक गोष्ट स्पष्ट होते. पर्यावरणाची काळजी ही सुखवस्तूंची चैन आहे, हा समज या आंदोलनाने खोडून काढला. ज्यांचे जगणे पाणी, पाला व माती यांवर प्रत्यक्ष अवलंबून असते, तेच त्यांच्या रक्षणासाठी प्रथम उभे राहतात. गौरादेवींनी मजुरांना सांगितले होते की, जंगल गेले तर दरड येईल आणि घरे जातील. जंगल त्यांनी राखले. परंतु त्या जंगलाविषयी व नदीविषयी पुढे झालेल्या निर्णयांत रैणीला स्थान मिळाले नाही. चिपकोचे यश व त्याचे अपुरेपण या दोहोंची साक्ष हे एकच गाव देते.